राउटर बदलण्याआधी रात्री नऊ वाजता त्याच्याकडे बघा

प्रश्न : ताई, वडोदऱ्यात वाघोडिया रोडच्या बाजूला आमची छोटी इंटरनेट सेवा आहे. वडिलांच्या केबलच्या धंद्यातूनच ती वाढली. आज २६०० ग्राहक आहेत आणि संध्याकाळचा लोड साडेसहा गिगाबिटवर जातो. अपलिंक, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची जोडणी, दोन कंपन्यांची. अपलिंकवाल्यांशी मार्गांची देवाणघेवाण (बीजीपी), ग्राहकांचं लॉगइन (पीपीपीओई), अनेकांना एकच सार्वजनिक आयपी वाटून देणं (नॅट), प्रत्येकाची स्पीड, सगळं ३६ कोअरचा एकच जुना मायक्रोटिक राउटर सांभाळतो. रात्री नऊ वाजले की गेम खेळणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात, पण सीपीयू बघावा तर ५५ टक्केच. भाचा म्हणतो, मोठ्या कंपनीचा सेकंडहँड चेसिस (कार्डं बसवायचा मोठा राउटर) घेऊ. विक्रेता म्हणतो, शंभर गिगाबिटचा बॉक्स घ्या. बजेट पाच लाख. काय घेऊ?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : आधी त्या ५५ टक्क्यांवर विश्वास ठेवणं सोडा. ती सरासरी आहे. पंगतीत छत्तीस वाढपी उभे आहेत, पण चौघेच धावतायत आणि बाकीचे वाट्या पुसतायत, तरी सरासरी छानच दिसते. आज रात्री नऊला राउटरच्या टूल्समधलं प्रोफाइल उघडा आणि प्रत्येक कोअर वेगळा बघा. दोन-तीन कोअर शंभरला चिकटलेले दिसतील, अशी माझी पैज. त्यांच्यावर ज्यांचा ट्रॅफिक पडला, ती पोरं तुम्हाला फोन करतात. राउटर ओएस ६ वर (मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती) असाल तर बीजीपीचं सगळं काम एकाच कोअरवर चालतं, म्हणजे अपलिंक एकदा हलली की तो कोअर बराच वेळ त्यातच अडकतो. (ही पाहणी नवरात्रात करू नका. आमचा आलेख तेव्हा नऊला खाली बसायचा आणि गरबा सुटल्यावर साडेबाराला उठायचा.)

मूळ दुखणं असं की तुमच्या राउटरच्या दिवसभराच्या कामात राउटिंग सगळ्यात हलकं आहे. पॅकेट आलं, पुढचा रस्ता बघितला, सोडलं. दमवतात ती नॅट आणि ग्राहकागणिक लावलेली क्यू (स्पीडची मर्यादा). म्हणून 'किती गिगाबिटचा राउटर' हा प्रश्नच मला पटत नाही. पॅकेट मोजा. साडेसहा गिगाबिटला सरासरी पॅकेट ९०० बाइटचं धरलं, तर सेकंदाला सुमारे ९ लाख पॅकेट होतात. पण कुणी ६४ बाइटच्या पॅकेटांचा हल्ला केला, तर एकाच दहा जी (दहा गिगाबिटच्या) पोर्टवर सेकंदाला १ कोटी ४८ लाख येऊ शकतात. विक्रेत्याच्या पत्रकातला मोठा आकडा बहुधा १५१८ बाइटचा आणि एकही नियम न लावता मोजलेला असतो. मायक्रोटिक आपल्या चाचण्यांचे तक्ते देते. त्यात ५१२ बाइटचा रकाना आणि २५ फिल्टर रूलची ओळ जिथे मिळतात, तो आकडा धरा.

आता खरेदी. मी तुमच्या जागी असते तर एक मोठा घेतलाच नसता. मायक्रोटिकचेच सीसीआर २११६ दोन घेतले असते. १६ एआरएम कोअर, १६ जीबी मेमरी, चार दहा जी पोर्ट. दोन्ही मिळून तुमच्या बजेटात बसावेत आणि एका दहा जी स्विचलाही पैसे उरावेत. निम्मे ग्राहक याच्यावर, निम्मे त्याच्यावर, पीपीपीओई आणि नॅट तिथेच. एक पडला तर दुसरा ती रात्र ओढत का होईना काढेल. आणि जुना? तो फेकू नका. त्याच्यावरची नॅट, क्यू, कनेक्शन ट्रॅकिंग (प्रत्येक जोडणीवर ठेवलेली नजर) काढा आणि फक्त बीजीपीसाठी जाळ्याच्या कडेला बसवा. ओझं उतरलं की तो अजून दोन वर्षं काम देईल. ट्रॅफिक नऊ गिगाबिटला टेकला की मग त्याची बदली बघू.

फक्त त्याला पूर्ण टेबल, म्हणजे जगभरच्या सगळ्या मार्गांची यादी, देऊ नका. आयपीव्ही४ चे (जुन्या पत्तापद्धतीचे) मार्ग आज दहा लाखांच्या घरात आहेत. दोनच अपलिंक असताना ते सगळे घेऊन काय करणार? दोन्हींकडून डिफॉल्ट रूट ('बाकी सगळं इकडे पाठव' असा एकच मार्ग) मागा, आणि त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे मार्ग तेवढे घ्या.

भाच्याच्या चेसिसबद्दल बोलताना मला २०१४ आठवतं. १२ ऑगस्ट, मंगळवार. मी तेव्हा जिथे नोकरीला होते, तिथे साहेबांनी असाच एक भला मोठा चेसिस 'भंगाराच्या भावात' आणलेला. त्या दिवशी जगाच्या टेबलाने ५ लाख १२ हजारांची रेषा ओलांडली. आमच्या कार्डाची हार्डवेअर मेमरी तेवढ्याच मार्गांना वाटून दिलेली, हे आम्हाला तेव्हा कळलं. उरलेले मार्ग सॉफ्टवेअरवर आले आणि सीपीयू आडवा झाला. वाटणी बदलायची तर यंत्र रीबूट करावं लागतं, तेही भर दुपारी. घरी पोचले तेव्हा मुलगी झोपली होती. शिवाय एक किलोवॅट खाणारं यंत्र वर्षाला ८,७६० युनिट जाळतं, आणि त्याला गार ठेवणारा एसी वेगळा. लायसनही बघा. सिस्कोच्या एएसआर १००१-एक्स राउटरची क्षमता २.५, ५, १० की २० गिगाबिट, हे लायसनवर ठरतं. जुन्या बाजारात डबा मिळतो, पण कोणत्या लायसनचा ते आधी विचारा.

कायद्याचंही थोडं. १५ जून २०२१ पासून परवानाधारकांनी जाळ्यात सरकारने 'विश्वसनीय' ठरवलेल्या स्रोतांचीच साधनं जोडायची आहेत. जे मॉडेल घ्याल, ते त्यात बसतं का, याचं उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी 'चालेल' चालत नाही. ग्राहकांच्या वापराच्या नोंदी (लॉग) ठेवण्याची मुदतही डिसेंबर २०२१ मध्ये एका वर्षाची दोन वर्षं झाली, तेव्हा लॉगचा सर्व्हर याच खर्चात धरा. नॅटला प्रत्येक ग्राहकाला ठरलेले हजार पोर्ट (तारेचे नव्हेत, आयपीच्या आतले क्रमांक) द्या. एका सार्वजनिक आयपीवर ६४ ग्राहक, म्हणजे २६०० जणांना ४१ आयपी पुरतात, आणि पोलिसांचं पत्र आलं की शोधाशोध होत नाही.

आणि फुकटचं काम म्हणजे आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत, जिच्यात आयपी वाटून घ्यावा लागत नाही) सुरू करा. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स तिकडून धावू लागले की तेवढा ट्रॅफिक नॅटला शिवतच नाही. राउटर बदलण्याआधी हेच केलं असतं, तर नऊ वाजताचे निम्मे फोन आले नसते, असं मला वाटतं.

यंत्रं कुठे ठेवता ते तुम्ही लिहिलं नाही. तळमजल्यावर असतील तर २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी तुमच्या गल्लीत कुठवर आलं होतं, ते शेजारच्या भिंतीवर बघा. अजून डाग असेल. नवी रॅक त्याच्या हातभर वर लावा, आणि दोन्ही राउटरांचे दोन-दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसला जोडू नका.