लॅटिनचे पुरुषप्रत्यय : लट् नको, लङ् घ्या

प्रश्न असा आहे : 'दहावीपर्यंत संस्कृत होतं. आता लॅटिन शिकतोय. -ओ, -स्, -त्, -मुस्, -तिस्, -न्त् पाठ आहेत, पण वाचताना गोंधळ उडतो. "मी"साठी कधी ओ तर कधी म् का? संस्कृतचा काही उपयोग होईल का?'

होईल की! संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरे भाषांची क्रियापदं कशी चालतात याची तुलना करणारं जर्मन भाषातज्ज्ञ फ्रान्त्स बोपचं पुस्तक १८१६ सालचं. तुलनात्मक भाषाशास्त्राची सुरुवातच अशा प्रत्ययांपासून झाली.

आधी 'अस्' चालवा : अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. आता लॅटिन : सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्. द्विवचन नाही, तेवढी कटकट वाचली.

पण बहुतेक जण इथून थेट लट् म्हणजे वर्तमानकाळाच्या भरामि-भरसि-भरतिकडे जातात आणि तिथेच अडकतात, कारण लॅटिनमध्ये शेवटचा इकार कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा लङ् म्हणजे भूतकाळ घ्या : अभरम्, अभरः, अभरत्. विसर्ग म्हणजे मूळचा स्. समोर लॅटिनचा अपूर्ण भूतकाळ ठेवा : फेरेबम्, फेरेबास्, फेरेबत्. म्-स्-त् जसेच्या तसे! अनेकवचनात अभरन्, तर तिकडे फेरेबन्त्. संस्कृतला शब्दाच्या शेवटी जोडाक्षर सहसा चालत नाही म्हणून तिने त् टाकला, लॅटिनने ठेवला.

आता ओ आणि म्. वर्तमानकाळात ओ (अमो, फेरो), अपवाद मुख्यतः सुम्. अमाबोसारख्या भविष्यकाळातही ओ. अपूर्ण भूतकाळात आणि अमेम्सारख्या संकेतार्थी रूपांत म्. तिसऱ्या-चौथ्या गणाचा भविष्यकाळ मात्र रेगम्, रेगेस् असा चालतो. तो वेगळा घोकावाच लागेल. आणि 'फेरो'ला विचित्र समजू नका. ग्रीकमध्येही फेरोच आहे. 'भरामि'तला मि संस्कृतने अस्मिसारख्या रूपांवरून नंतर जोडून घेतलाय.

सीझरच्या 'वेनी, वीदी, वीकी'तला ई या कोष्टकात शोधू नका. पूर्ण भूतकाळाचे प्रत्यय निराळे : -ई, -इस्ती, -इत्, -इमुस्, -इस्तिस्, -एरुन्त्. लिट् (संस्कृतचा परोक्ष भूतकाळ) आठवत असेल तर तुतुदे आणि लॅटिन तुतुदी शेजारी ठेवून बघा, मजा येईल.

गोंधळाचं खरं कारण मला वेगळंच वाटतं. आपण 'पठति, पठतः, पठन्ति' असं 'तो'पासून म्हणतो आणि त्याला प्रथमपुरुष म्हणतो. लॅटिनची कोष्टकं मराठी व्याकरणासारखी 'मी'पासून सुरू होतात. जीभ एका क्रमाने धावते, डोळे दुसऱ्या. त्यामुळे कोष्टक सरळ, उलट आणि मधूनच, असं तिन्ही तऱ्हांनी म्हणा.

शिवाय मराठी माणूस क्रियापदात लिंग शोधतो. अमत् म्हणजे तो प्रेम करतो की ती करते? दोन्ही, ते संदर्भावरून ठरवायचं. सर्वनाम गाळणं मात्र आपल्याला नवं नाही. 'येतोस का?' म्हणताना 'तू' कोण म्हणतं? (तो स् संस्कृतच्या -सि चाच वंशज.)

सरावाला 'ग्लोरिया' स्तोत्र घ्या. वसई-गोव्याकडच्या ज्या वडीलधाऱ्यांनी लॅटिन मिस्सा ऐकलीय, त्यांच्या कानात ते असेल : लाउदामुस् ते, बेनेदिचिमुस् ते, आदोरामुस् ते, ग्लोरिफिकामुस् ते. ओळीने चार वेळा मुस्! एकेक क्रियापद उचलून सहाही पुरुषांत फिरवा.

एक सावधगिरी. इटालियन येत असेल तर तृतीय पुरुषासाठी तिचा आधार घेऊ नका, तिथे 'आमा' होतं, त् गेलेला. हा त् फार लवकर सुटू लागला. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात भिंतीवर कुणीतरी 'क्विस्क्विस् अमा वालिया' असं खरडलंय, म्हणजे 'जो प्रेम करतो त्याचं भलं होवो'. पुस्तकी रूपं अमत् आणि वालेअत्. परीक्षेत तुम्ही त् लिहा.