टायगरला कोणते पट्टे?

प्रश्न : टायगर १ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याच्या १/३५ प्रमाणातल्या मॉडेल किटमधले रबरी पट्टे चाकांवर अधांतरी राहतात. नवा संच धातूचा घ्यावा की प्लॅस्टिकचा? (मुलुंडचे वाचक)

उत्तर : टायगरसाठी धातूचाच घ्या. त्याला वर आधाराचे रोलर नाहीत. पट्टा थेट मोठ्या चाकांवर टेकतो आणि मध्ये झोळ पडतो; पांढऱ्या धातूच्या कड्या स्वतःच्या वजनाने तो झोळ घेतात. शर्मन या अमेरिकी रणगाड्याचा पट्टा बराच ताणलेला असतो, तिथे हा खर्च नको. टायगरचा लढाईचा पट्टा ७२५ मिमी रुंद, वाहतुकीच्या वेळी लावायचा ५२० मिमी रुंद; म्हणजे मॉडेलवर साधारण २०.७ आणि १५ मिमी. एका बाजूला ९६ कड्या लागतात.

आधी पाचसहा कड्या जोडून दातेरी चाकावर बसवून बघा. दाते जुळले नाहीत तर पुढची मेहनत फुकट. कड्या जोडणारी तार भोकात जात नसेल तर जोर लावू नका, ती वाकते, भोक ०.५ मिमीच्या ड्रिलने हाताने मोकळं करा. सुपरग्लूचा थेंब फक्त तारेच्या बाहेरच्या टोकाला, तोही टाचणीने. आत झिरपला की कडी कायमची ताठ! मुंबईच्या पावसाळी दमट हवेत ग्लूभोवती पांढुरकी साय धरते, म्हणून काळं करण्याचं द्रावण त्यानंतरच वापरा, आणि त्याआधी पट्टा भांड्यांच्या साबणाने घासा. तेलकटपणा राहिला तर डाग पडतात. वजन पेलायला दातेरी चाकाचा सांधा भक्कम चिकटवा.