वाचकांचे प्रश्न : ठसे का तुटतात?

प्रश्न : सहावीच्या मुलांकडून प्राण्यांच्या पावलांचे प्लास्टरचे ठसे करून घेतो. ते दर वेळी उचलताना तुटतात. काय चुकते?

उत्तर : बहुधा पाणी जास्त होते, नाहीतर पिशवी उघडी राहून प्लास्टर ऑफ पॅरिस दमट झालेले असते. २ वाट्या प्लास्टरला १ वाटी पाणी पुरे. प्लास्टर पाण्यात भुरभुरावे. पाणी वरून ओतले की गुठळ्या होतात. ठशाभोवती पुठ्ठ्याची दोन इंची पट्टी गोल उभी करून मातीत रोवा. मिश्रण थेट ठशावर ओतल्यास कडा मोडतात, म्हणून कडेला धरलेल्या चमच्यावरून सोडा. निम्मे भरल्यावर दोन काड्या आडव्या घाला. अर्ध्या तासाने उचला, पण माती दुसऱ्या दिवशीच मऊ ब्रशने झाडा. घाई नडते ती इथेच. घट्ट होताना प्लास्टर तापते, तेव्हा मुलांना त्यात हात घालू देऊ नका. उरलेले मोरीत नको, नळी तुंबते.

यासाठी जंगल लागत नाही. कुंपणालगत चाळलेल्या मातीचा मीटरभर पट्टा संध्याकाळी सपाट करून ठेवा. सकाळी कुत्र्यामांजरांचे ठसे ताडून बघा : कुत्र्याची नखे उमटतात, मांजर ती आत ओढून चालते. बिबट्याही तसाच.