चहाचं पातेलं: गेन्माइचा उकळायचा नसतो हो!

प्रश्न: ताई, मुलगा ओसाकाला असतो, दिवाळीत येताना त्याने गेन्माइचाचं एक पाकीट आणलं, त्यात हिरवी पत्ती आणि भाजलेले तांदूळ. मी नेहमीच्या चहासारखं पातेल्यात टाकून पाच मिनिटं चांगलं उकळलं तर कडूजहर! ह्यांनी एक घोट घेतला आणि सरळ बेसिनमध्ये ओतला. पाकीट अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, काय करू? (कोथरूड, पुणे)

उत्तर: काकू, पाकिटाचा काही दोष नाहीये, आपल्या हाताला उकळायची सवय आहे ना, ती नडली. आपला सीटीसी, म्हणजे नेहमीचा दाणेदार काळा चहा, उकळला नाही तर चहा वाटतच नाही, पण हिरव्या पत्तीतला कडवटपणा कडक पाण्यात भराभर उतरतो आणि पाच मिनिटं म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच.

आता ह्यातली खरी गंमत अशी की पाकिटात दोन वेगळ्या स्वभावाची मंडळी एकत्र बसवलीयेत. तांदळाचा खमंग वास उघडायला पाणी चांगलं गरम लागतं आणि पत्तीला, विशेषतः ती सेन्चा, म्हणजे वाफवून वाळवलेली नेहमीची जपानी हिरवी पत्ती असेल तर, जरा निवलेलं पाणी बरं वाटतं. दोघांची भांडणं वेळेवर मिटवायची, म्हणजे पाणी गरम पण थांबायचं कमी. पाकिटावर काय लिहिलंय ते मुलाला विचारा. बान्चा असेल, म्हणजे जून, जाड पानांची पत्ती, तर नव्वदच्या आसपासचं पाणी आणि फक्त 30 सेकंद. सेन्चा असेल किंवा माचाची, म्हणजे हिरव्या चहाची बारीक दळलेली, पूड लावलेली असेल तर ऐंशीच्या आसपास आणि फार तर एक मिनिट. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी आधी रिकाम्या कपात ओता, मग त्या कपातून किटलीत, दर वेळी भांडं बदललं की अंदाजे दहा डिग्री उतरतात.

दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, आणि 200 मिली पाणी. गाळताना शेवटचा थेंबसुद्धा निथळून घ्या, पत्ती पाण्यात तशीच बसून राहिली तर दुसरा कप पहिल्याच दिवसासारखा होईल. हो, त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओततात, त्यात तांदूळ मागे पडतो आणि पत्ती पुढे येते, मला तर दुसराच जास्त आवडतो. दूध-साखर प्लीज नको. सोबत भाजणीची चकली घ्या, काकांना मी सांगितलंय म्हणावं.

प्रश्न: इथे हे पाकीट फार महाग मिळतं. घरी तांदूळ भाजून साध्या ग्रीन टीमध्ये मिसळले तर चालेल का? (डोंबिवली)

उत्तर: चालेल की! जपानमध्येही साधारण वजनाला वजन असंच प्रमाण असतं. नावातला गेन्माइ म्हणजे ब्राउन राइस, आणि चा म्हणजे चहाच, आपल्याकडे गावाला ‘चा घेता का’ म्हणतात तोच. पण नाव गेन्माइ असलं तरी तिकडे पांढरा किंवा चिकट मोची तांदूळही सर्रास वापरतात, त्यामुळे फार सोवळं पाळू नका. फक्त बासमती-आंबेमोहोर नको, त्यांचा स्वतःचा वास मधे मधे करतो.

अर्धी वाटी तांदूळ धुऊन निथळून कापडावर पूर्ण कोरडे करा, मग जाड बुडाच्या कढईत तेल न घालता मंद आचेवर हलवत राहा. आधी दाणे पांढुरके होतात, मग सोनेरी, एखाददुसरा टप्पकन फुटून लाहीसारखा होतो आणि घरभर भाजणीचा वास सुटतो, बास, तिथेच गॅस बंद करून ताटात पसरा कारण कढईच्या धगीने ते पुढे भाजतच राहतात. मी पहिल्यांदा फोनवर बोलत बसले आणि अख्खी बॅच कॉफीच्या रंगाची झाली, चहाला नुसता करपट वास. पूर्ण गार झाल्यावरच पत्तीत मिसळा आणि थोडंथोडंच करा, ब्राउन राइसच्या कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. आणि तयार कुरमुरे कृपा करून घालू नका, त्यात मीठ असतं!

प्रश्न: रात्री जेवणानंतर प्यायला तर झोप उडेल का? (नाशिक)

उत्तर: कॅफिन आहे, पण कमी, कारण अर्धा तर तांदूळच. जपानच्या सरकारी अन्नतक्त्यात 100 मिली गेन्माइचात सुमारे 10 मिलिग्रॅम दिलंय, सेन्चात 20, कॉफीत 60. तरी झोप नाजूक असेल तर संध्याकाळीच आटपा. रक्तात लोह कमी असेल तर कुठलाही चहा जेवणाला लागून नको, तासभर जाऊ द्या.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की गेन्माइ नावाच्या नोकराच्या हातून सामुराईच्या चहात तांदूळ सांडले, त्याचं डोकं उडवलं आणि त्याची आठवण म्हणून हे नाव. खरंय? (रत्नागिरी)

उत्तर: गोष्ट छान आहे, खरी नाही. गेन्माइ हा तांदळाचाच शब्द, माणूस नंतर चिकटवलाय. क्योटोच्या चहावाल्यांकडची गोष्ट जास्त पटणारी आहे, 1926 ला शोवा काळ, म्हणजे सम्राट हिरोहितोची कारकीर्द, सुरू झाला त्याच्या आसपासची. नव्या वर्षाला देवापुढे ठेवलेला कागामी मोची, म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेला गोळा, फोडला की तुकडे-चुरा उरायचा, तो फेकवेना म्हणून भाजून चहात घातला. पत्तीपेक्षा तांदूळ स्वस्त, त्यामुळे चहा वाढायचा आणि खिशालाही परवडायचा.

प्रश्न: जपानी लोक हा चहा भातावर ओततात म्हणे?? (नागपूर)

उत्तर: हो हो, ओचाझुके. भातावर गरम चहा, वर खारट-आंबट उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं आंबट फळ, आणि नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, तुकडे. मी रात्रीच्या उरलेल्या भातावर केलं, उमेबोशी कुठून आणणार, मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची एक फोड टाकली, मसाला पुसून. मुलीने आधी नाक मुरडलं आणि नंतर वाटी पुढे केली.