लेन्स बदलू नकोस, आधी बसायला शीक

अरे, तुझे भिगवणचे (उजनीच्या पाण्यावरच्या पक्ष्यांचे) सगळे फोटो बघितले आणि खालचा प्रश्नही वाचला, 55-250 एमएमची लेन्स कमी पडतेय तर 150-600 ची ईएमआयवर घेऊ का (आकडा जितका मोठा तितका लांबचा पक्षी जवळ दिसतो). नको घेऊस. हा सीझन तरी नकोच.

तुझी 55-250 एसटीएम 375 ग्रॅमची आहे, कॅनन 1500डी कॅमेऱ्याची बॉडी 475, म्हणजे दोन्ही मिळून किलोच्या आत. ती 150-600 एकटीच दोन किलोच्या आसपास भरते. तू या हलकेपणाला कमीपणा समजतोयस आणि तिथेच माझं डोकं फिरतं, कारण त्याच्यामुळेच तर तू अर्धा अर्धा तास कॅमेरा डोळ्याला लावून बसू शकतोस! बसून राहा. 40 मीटरवरचा शेकाट्या (तो लांब पायांचा पाणपक्षी) 600 ला जेवढा दिसतो तेवढाच 17 मीटरवरचा 250 ला दिसतो, आणि मधलं ते अंतर तू चालत गेलास तर पक्षी उडणार, बसलास तर तो चरत चरत स्वतःच मिटवतो. नाववाल्याला आधीच सांगून ठेव, दादा लांबूनच इंजिन बंद करा. आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठवायला लावायचा नाही, कधीच नाही, यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

आता तो तुझा शेकाट्या. पाय चिखलात छान आलेत पण लाल डोळा पुसल्यासारखा झालाय. एक्झिफ (फोटोसोबतची सेटिंगची नोंद) बघितला, शटर स्पीड 1/250 सेकंद. अरे आयएस, म्हणजे लेन्समधली थरथर सावरणारी सोय, तुझा हात हलतो तेवढं सांभाळतं, पक्षी मान झटकतो त्याला आयएस काय करणार? चरणाऱ्या पक्ष्याला 1/1000, उडणाऱ्याला 1/1600 च्या वर ठेव, 250 ला अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश घेणारं तोंड) 5.6 च्या पुढे उघडत नाही, प्रकाश कमी पडतो, म्हणून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो करून 3200 पर्यंत जाऊ दे. त्याने येणाऱ्या ग्रेनला (दाणेदारपणाला) घाबरू नकोस, ग्रेन नंतर कमी करता येतो, हललेला डोळा नाही येत. फोकसला नऊ पॉइंट आहेत त्यातला फक्त मधला वापर, तोच एक क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, आणि एआय सर्वो (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारा मोड) लाव. सकाळी उन्हं तापली की पाण्यावरून हवा थरथरायला लागते, मग लाखाची लेन्स असली तरी लांबचा पक्षी मऊच येणार, तेव्हा पहाटेच पोच.

मला लोक विचारतात, इतकी वर्षं झाली तरी तुम्ही अजून 250 वरच का. परवडत नाही म्हणून नाही. मोठ्या लेन्सवाले लांबून दोन-चारशे फोटो मारून पुढच्या स्पॉटला पळतात, मी तिथेच बसलेलो असतो आणि कवड्या खंड्या माझ्यासमोरच्या खुंटावर येऊन मासा आपटतो. हे मी मुद्दाम निवडलंय आणि मला ते बरोबरच वाटतं. वाईट एवढंच वाटतं की तुझ्या वयात मला हे कोणी सांगितलं नाही, म्हणून तुला इतकं ठासून सांगतोय. बसून राहा रे.

पुढच्या वेळी फोटो पाठवशील तेव्हा क्रॉप न करता पूर्ण फ्रेम पाठव, आणि एका जागी किती वेळ बसला होतास तेही लिही.