कॉफी कमी पडली तर भांडण कुठे पेटेल?

प्रश्न : हवामान बदलामुळे कॉफी दुर्मीळ होणार, असं वाचलं. मग तेलासाठी झाल्या तशा कॉफीसाठीही देशादेशांत लढाया होतील का?

उत्तर : फौज पाठवून कॉफीचे मळे बळकावणं कुणालाच परवडणारं नाही. कॉफीच्या झाडाला वर्षभर माणसाचा हात लागतो. अरेबिका या कॉफीच्या मुख्य जातीची फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे चांगला माल हवा असेल तर डोंगरउतारावर एकाच झाडापाशी तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात. मजूर पांगले की मळ्याचं रान होतं. अंगोला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या मोठ्या कॉफी उत्पादकांपैकी एक होता. १९७५मध्ये यादवी पेटली आणि त्याचं उत्पादन कोसळलं, ते पुन्हा त्या पातळीवर गेलंच नाही.

कॉफीच्या टंचाईत शस्त्रांचा व्यवहार मात्र झालेला आहे. जुलै १९७५मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात कडाक्याच्या थंडीने मळेच्या मळे करपले. १९७७मध्ये भाव पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, ३ डॉलरच्या वर गेला. पूर्व जर्मनीकडे तेवढं परकीय चलन नव्हतं. सरकारने ५१ टक्के कॉफी आणि बाकी भाजलेलं धान्य, वाटाणा असं मिश्रण बाजारात आणलं. ते यंत्रात घातलं की वाटाण्याचं पीठ गरम पाण्याच्या दाबाखाली फुगून गाळण्या तुंबत. लोक इतके चिडले की सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी त्या सरकारने इथिओपियाला शस्त्रं देऊन बदल्यात कॉफी घेतली. इथिओपिया तेव्हा ओगादेनमध्ये सोमालियाशी लढत होता. पुढे व्हिएतनामच्या डाक लाक प्रांतात मळे उभारण्याचा करार झाला. ती झाडं भरात येईतो पूर्व जर्मनीच नकाशावरून गेला होता. व्हिएतनाम आज ब्राझीलखालोखालचा उत्पादक आहे.

प्रश्न : म्हणजे भाव चढला की धोका, असंच ना?

उत्तर : आम्हाला जास्त भीती भाव पडण्याची वाटते. टंचाईत भाव चढतो आणि सगळीकडे एकदम नवी लागवड होते. पहिलं पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाती येतं, तेही सगळ्यांचं बरोबरच. भाव गडगडतो, पण शेतकरी झाडं उपटत नाही, कारण त्यात त्याची इतक्या वर्षांची कमाई अडकलेली असते.

एल साल्वादोरची निर्यात जवळजवळ सगळी कॉफीवर उभी होती. १९२९नंतर भाव कोसळले, मजुरी आटली, आणि जानेवारी १९३२मधला उठाव चिरडताना किमान दहा हजार माणसं मारली गेली. १९६२च्या आंतरराष्ट्रीय करारात देशवार निर्यातीचा कोटा ठरत असे. जुलै १९८९मध्ये ती पद्धत मोडली आणि भाव निम्म्यावर आले. त्याची झळ रवांडाच्या लहान शेतकऱ्यांना लागली आणि पुढच्याच वर्षी तिथे यादवी सुरू झाली. तिची कारणं अनेक होती, पण शेतकऱ्याचा रिकामा खिसा हे त्यातलं एक होतं. म्हणून कोटा नाही तरी किमान हमीभावाची व्यवस्था हवी, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

चढत्या भावातली भांडणं बहुधा सौद्यांची असतात. शेतकऱ्याने आगाऊ कमी दराने माल विकलेला असतो, दर दुप्पट होतो आणि तो माल देत नाही. मधला व्यापारी बुडतो. २०२१मध्ये कोलंबियात नेमकं हेच घडलं.

प्रश्न : अरेबिकाऐवजी रोबस्टा लावून भागणार नाही का?

उत्तर : थोडंफार भागेल. अरेबिकाला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं. रोबस्टा जास्त उष्णता आणि तांबेरा रोग सोसते, पण तिला पाणी भरपूर लागतं आणि चवीला ती कडवट असते. स्टेनोफिला ही पश्चिम आफ्रिकेतली रानटी जात उष्णता सोसते आणि चवही अरेबिकाजवळची देते. मात्र तिचे मोठे मळे अजून नाहीत.

प्रश्न : घरी साठा करून ठेवावा का?

उत्तर : दळलेल्या कॉफीचा नको, तिचा वास काही दिवसांतच उडतो. भाजलेले दाणे हवाबंद ठेवून महिनाभरात संपवावेत. कच्च्या हिरव्या दाण्यांत १० ते १२ टक्के ओलावा असेल तर ते थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षभर टिकतात. ओलावा वाढला की बुरशी धरते. भाजलेले दाणे जास्त टिकवायचे असतील तर आठवड्याला पुरतील एवढ्या पुड्या हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पुडी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. थंड दाण्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते आणि पुढे ते लवकर शिळे होतात.