बिल नाही, दुकानदार मुंबईचा, तरी केस कोल्हापुरातच होते

राजारामपुरीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा प्रश्न आलाय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून व्हॉट्सॲपवर बोलून ३८,५०० ला कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड मागवलं, "सीलपॅक आहे, तीन वर्षं वॉरंटी" असं दुकानदारानं स्वतः लिहिलेलं, बिलाशिवाय घेतलंस तर जीएसटी वाचेल म्हणाला म्हणून बिल घेतलं नाही, जीपे बाबांच्या मोबाईलवरनं केलं आणि पार्सल कावळा नाक्यावर ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातनं उचललं. चार महिन्यांत स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसायला लागले. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात सीरियल नंबरप्रमाणे हे कार्ड आधीच विकलं गेलंय, वॉरंटी संपलीय. दुकानदार म्हणतो बिल दाखव, नाहीतर मुंबईत येऊन केस कर. आणि मुलाला भीती ही की बिल घेतलं नाही म्हणून आपणच अडकू.

अरे, तू अडकत नाहीस. नोंदणी असलेल्या दुकानदारानं २०० रुपये किंवा त्यावरच्या मालाचं बिल द्यायचंच असतं, ती जबाबदारी त्याची. तू हो म्हणालास ही चूक झाली, पण तेवढ्यावरनं तुझा हक्क जात नाही. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे आणि वापरलेला माल नवा म्हणून विकणं हीसुद्धा, म्हणजे ज्या गोष्टीवरनं तो तुला घाबरवतोय तीच त्याच्यावर उलटते.

मुंबईला जायचं तर कारणच नाही. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुझी कोल्हापुरात. मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कोल्हापूरची कितीतरी मुलं "आता कुठं मुंबईला हेलपाटे घालायचे" म्हणून गप्प बसतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पुरावा, आणि इथं घाई करू नकोस. कार्डाच्या मागं चार स्क्रू असतात, त्यातल्या एकावर बऱ्याचदा छोटा गोल स्टिकर असतो. तो फाटला की "तूच उघडलंस" म्हणायला दुकानदार मोकळा, म्हणून कार्ड उघडून आतली थर्मल पेस्ट (चिप गार ठेवणारा लेप) बदलून बघू वगैरे अजिबात नको. दिवसाच्या उजेडात त्या स्टिकरचा, कार्डावरच्या सीरियल नंबरचा आणि बॉक्सवरच्या नंबरचा फोटो काढ. दोन्ही नंबर जुळत नसतील तर निम्मं काम तिथंच झालं. सर्व्हिस सेंटरकडनं तोंडी उत्तर घेऊ नकोस, तारीख घातलेलं जॉबशीट, म्हणजे तपासणीचा लेखी कागद, माग. चॅट एक्स्पोर्ट करून ठेव, स्क्रीनशॉटमध्ये दुकानदाराचा नंबर दिसला पाहिजे, नुसतं सेव्ह केलेलं नाव नको, आणि निकाल लागेपर्यंत ते चॅट असलेला फोन विकू नकोस. असा मोबाईलमधला पुरावा ग्राह्य धरला जावा म्हणून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडायचं. "कार्ड पाठवून दे, बघतो" असं दुकानदार म्हणाला तर लेखी पोच मिळाल्याशिवाय पाठवायचं नाही, कारण कार्ड गेलं की पुरावाच गेला.

मग स्पीड पोस्टानं १५ दिवसांची नोटीस दे, पैसे ज्याच्या खात्यावर गेले त्याचंही नाव त्यात घाल. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव, कधी कधी तेवढ्यावरच पैसे परत येतात. नाही आले तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार. कार्ड तपासणीला पाठवावं लागलं तर निकालाला कायद्यात ५ महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा जास्त पडतात, ती तयारी ठेव. तू स्ट्रीमिंग (इंटरनेटवर थेट प्रक्षेपण) करतोस म्हणून हा धंद्याचा वापर, असंही दुकानदार म्हणेल. हौसेसाठी किंवा स्वतःच्या पोटापाण्यासाठी वापरणारा ग्राहकच असतो.

इन्स्टाग्रामवर त्याच्या नावानं चोर-बिर लिहू नकोस, उगाच त्याला तुझ्यावर बदनामीची केस करायला निमित्त मिळेल. आणि पुढचं कार्ड कुठूनही घे, पैसे द्यायच्या आधी सीरियल नंबर मागून कंपनीच्या साइटवर टाकून बघ आणि तोच नंबर बिलावर लिहून घे.

शेवटी लिहिलंयस की कार्ड बिघडल्याचं बाबांना अजून माहीत नाही. आज रात्री जेवताना सांगून टाक. पैसे त्यांच्या खात्यातनं गेलेत, बँकेचं स्टेटमेंट त्यांच्याकडनंच घ्यावं लागणार आहे, आणि तक्रारीत तुझ्याबरोबर त्यांचंही नाव असलेलं बरं.